ट्यूच्या वाळूत सापडलेली

१४ ऑक्टोबर

आज ट्यूहून हाडं आली. तिकडे किनाऱ्याच्या वाळूवर पाइनची झाडी आहे, तिथे तोडणीला गेलेल्या माणसांना दिसली. सांगाडा जवळजवळ पूर्ण आहे. डाव्या हाताची थोडी बोटं कमी आहेत, कोल्ह्यानं नेली असणार. बरोबर रबरी बूट, जाकिटाची चेन आणि एक प्लॅस्टिकची बादली. शरदात लोक तिकडे काटेरी झुडपांवरची नारिंगी फळं काढायला जातात, बादली त्यासाठीच असावी.

दिवस धुणं, वाळवणं, मांडणं यातच गेला. टेबलावर सगळं मांडून झालं की मी थोडा वेळ नुसती बसून राहते. सवय आहे. समोर पाहुणा येऊन बसावा आणि दोघांनाही बोलायला काही सुचू नये, तसं वाटतं.

घरी येऊन काळ्या पावाला लिव्हर पेस्ट लावली आणि उभ्याउभ्याच खाल्ली. माझा नवरा फ्रोडे गेल्यापासून (मेला नाही, ओडेन्सला गेला) मी टेबल मांडत नाही. एकटं राहायला मला आवडतं. वस्तू ठेवल्या जागी सापडतात.

१७ ऑक्टोबर

पुरुष. कंबरेच्या हाडांनी शंकेला जागाच ठेवलेली नाही. वय साठीच्या आसपास, उंची मध्यम. डाव्या नडगीचं हाड लहानपणी मोडून जरा वाकडं जुळलंय. कपाळावर भुवयांच्या वर टायटॅनियमच्या बारीक पट्ट्या आहेत, इवल्या स्क्रूंनी बसवलेल्या, आणि भोवतीचं हाड केव्हाच भरून आलंय. म्हणजे बऱ्याच वर्षांपूर्वी डोक्याला मोठा मार बसला असणार. मृत्यूचं कारण हाडांवर नाही. कोणी मारल्याची खूण नाही. दोनेक वर्षं तिथे पडून होता.

अहवाल ट्यूला टोर्बेनकडे पाठवला. टोर्बेन तिथला पोलीस, आमची फोनवरची ओळख जुनी आहे. तो म्हणाला, मोटारसायकलवाला दिसतोय, आठवड्यात शोधून देतो.

३० ऑक्टोबर

टोर्बेनचा फोन. तिथल्या बेपत्ता पुरुषांपैकी एकाचेही दात जुळत नाहीत. कपाळ फुटलेला, पट्ट्या बसवलेला कोणी इस्पितळांनाही आठवत नाही. "तुझा माणूस आभाळातून पडला की काय," म्हणाला. त्याला तसं बोलायला आवडतं. मला राग आला, पण त्याचा नाही.

३ नोव्हेंबर

रविवार. पाऊस. बाहेर पडले नाही.

दुपारी उगाच विचार केला, मी हरवले तर पोलिसांना कळवणार कोण? ऑफिसातून फोन येईल, पण सोमवारी मला सुट्टी आहे असं कुणाला वाटलं तर तोही मंगळवारवर जाईल. वरच्या मजल्यावरच्या बाईंना माझी सायकल तेवढी दिसते. सायकल जागेवर असेल तर मी घरात आहे असं त्या धरून चालतील. हे मी कुरकूर म्हणून लिहीत नाही. आमच्या कामात हा प्रश्न रोजचाच आहे, फक्त तो स्वतःला विचारायचा नसतो.

तो ट्यूचा माणूस दोन वर्षं पडून राहिला आणि पुरुषांच्या यादीत त्याची वाट पाहणारं कोणीच नाही. इतकं कसं कोणी नसेल?

६ नोव्हेंबर

आज कवटी पुन्हा काढली. कशासाठी ते सांगता येणार नाही, हात रिकामे होते म्हणून. खिडकीपाशी उजेडात धरून बसले.

मार लागतो तेव्हा हाड वेडंवाकडं फुटतं. एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. हे कपाळ दोन्हीकडे सारखं होतं. भुवयांवरचा उंचवटा, जो इतक्या जाड हाडांच्या माणसाला असायलाच हवा, तो नव्हता. तो कुणीतरी घासून काढला होता, हाडाचा पुढचा थर आत बसवून वर पट्ट्या ठोकल्या होत्या. मग मी खालचा जबडा घेतला. त्याचे मागचे दोन्ही कोपरे तासलेले होते, डावा जितका तितकाच उजवा. असा अपघात होत नाही. असं कोणीतरी ठरवून करून घेतं.

मी कवटी खाली ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. तीन आठवडे हे माझ्या टेबलावर होतं. मी त्याला मोटारसायकलवरून पाडून मोकळी झाले होते.

ही बाई होती. पुरुषाचं हाड घेऊन जन्मली आणि नंतर कधीतरी, पुरेसं वय झाल्यावर, तिनं आपला चेहरा स्वतःला हवा तसा करून घेतला. आणि मी पोलिसांना तिला पुरुषांत शोधायला पाठवलं.

७ नोव्हेंबर

टोर्बेनला सांगितलं. तो म्हणाला, "बोदिल, माझ्याकडे रकाने दोनच आहेत. बाई का बाप्या?"

मी म्हटलं, बायकांत शोध.

"पण तू तर पुरुष लिहिलंयस."

"कंबरेकडे बघून लिहिलंय. आता चेहऱ्याकडे बघून सांगते आहे."

तो म्हणाला की वरच्या साहेबांना असं सांगायला त्याला जड जाईल. मी म्हटलं, मग माझं नाव सांग. फोन ठेवल्यावर मात्र मनात आलं. चूक झाली तर? वय झालेल्या बाईच्या डोक्यात काहीतरी शिरलंय, असं म्हणतील. जबडा आणि कपाळ आमच्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी हातात घेतल्या घेतल्या मान हलवली. हे काम असंच करतात, म्हणाले, आणि छान केलंय.

छान केलंय. हे ऐकून मला विचित्र बरं वाटलं, जणू कुणी माझ्याच माणसाचं कौतुक केलं.

११ नोव्हेंबर

तिचं नाव विबेके. विबेके उल्ड, वय एकसष्ट, ट्यूमधल्या वोरूपरच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या घरात राहायची. जाळी दुरुस्त करायची, उन्हाळ्यात पर्यटकांना मासे भाजून विकायची. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात घराबाहेर पडली ती परत आली नाही. लोकांना वाटलं समुद्रात गेली, कारण रोज पोहायची. म्हणून शोधही समुद्रातच घेतला गेला.

म्हणजे वाट पाहणारं होतं कोणीतरी. आस्ता नावाची शेजारीण, सत्तरीची. टोर्बेन सांगतो, दर महिन्याला ती पोलीस ठाण्यात येते, विचारते आणि जाते.

खात्रीसाठी विबेकेनं वापरलेलं काहीतरी हवं. टोर्बेन म्हणाला, तूच चल, मला असं बोलणं जमत नाही. मी एक अट घातली. आस्ताला हाडांबद्दलचं काही सांगायचं नाही. विबेकेनं ते कुणाला सांगितलं होतं की नाही, आपल्याला ठाऊक नाही. मेल्यावर तिची गोष्ट तिच्या गावात मी फोडायची नाही.

१३ नोव्हेंबर

वोरूपर. वारा इतका की मोटारीचं दार हातातून सुटलं. आस्ता उंच, हाडकुळी, केस पांढरे आणि आखूड. तिनं कॉफी केली आणि आमच्यापुढे बसली, पण स्वतःच्या कपाला हात लावला नाही. टोर्बेन म्हणाला, कदाचित सापडली असेल, अजून खात्री नाही. तिनं नुसतं "बरं" म्हटलं.

दात घासायचा ब्रश मिळेल का, असं मी विचारलं. विबेकेचं घर तर तेव्हाच रिकामं करून भाड्यानं दिलंय. आस्ता उठून न्हाणीघरात गेली आणि ब्रश घेऊन आली. विबेके अधूनमधून तिच्याकडे मुक्कामाला असायची म्हणे. दोन वर्षं तो पेल्यात तसाच होता, आस्ताच्या ब्रशाशेजारी. शेजार असावा तर असा.

टोर्बेन गाडीशी गेला तेव्हा ती मला धक्क्यावर घेऊन गेली. तिथे बायकांची पोहण्याची मंडळी आहे, बर्फ पडला तरी रोज सकाळी उतरतात. मी विचारलं, पोशाख घालून की तसंच, अंगावर काही न घालता? आमच्याकडे बहुतेक मंडळी तसंच उतरतात, म्हणून विचारलं.

"आधी आम्ही तसंच पोहायचो," आस्ता म्हणाली. "विबेके आली ती पोशाख घालून. ती एकटीच. मग दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही सगळ्याच घालायला लागलो."

"का?"

"थंडी वाजते ना," ती म्हणाली आणि समुद्राकडे पाहू लागली.

थंड पाण्यात त्या चिंधीएवढ्या कापडानं काय ऊब मिळणार, कोण जाणे. पण मला हायसं वाटलं. तिला काही माहीत नसावं. माझ्या तोंडून काही निसटलं नाही.

२२ नोव्हेंबर

जुळलं. ती विबेकेच आहे.

आस्ताला मीच फोन केला. रेडिओ चालू होता तिच्याकडे, तो तिनं बंद केल्याचं ऐकू आलं. मग विचारलं, "पायात बूट होते ना?"

होते, मी म्हटलं.

"तिचे पाय फार गार पडायचे."

पुढे म्हणाली, विबेकेला समुद्रात जायचं होतं, राख सोडून द्यायची, ते ती नेहमी सांगायची. पण आस्ता नात्यातली नाही, तिच्या शब्दाला किंमत नाही. जवळचं माणूस म्हणून एक मोठा भाऊ निघालाय, आयनर, दक्षिणेकडे गुरं आहेत त्याची. तीस वर्षांत भेट नाही. जे काही ठरवायचं ते तो ठरवणार.

ऑफिसात सगळ्यांनी अभिनंदन केलं. कुणीतरी केक आणला. मी दोन तुकडे खाल्ले आणि लवकर घरी आले. ओळख पटली की टेबल रिकामं होतं. या वेळी ते मला खटकतंय.

२८ नोव्हेंबर

आयनर आला होता. मोठ्या हातांचा, लाजरा माणूस, टोपी मांडीवर ठेवून बसला. भावाला आईवडिलांच्या शेजारी पुरायचं म्हणतो. थडग्याच्या दगडावर आईबापांनी ठेवलेलं नाव. ते नाव त्यानं मला सांगितलं, मी ते इथे लिहिणार नाही.

मी म्हटलं, सरकारी कागदांवर विबेके आहे.

"कागदांचं मला नका सांगू," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तुम्ही शिकलेल्या आहात, हाडं तुम्ही बघितलीत. मला एकच सांगा. हाडं पुरुषाची का बाईची?"

तो हे भांडायला विचारत नव्हता. त्याला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं, म्हणजे तो त्या शब्दावर टेकला असता. मी "पुरुषाची" म्हटलं असतं तर ते माझ्या अहवालाप्रमाणे खरंच होतं, आणि दगडावर ते नाव कोरलं गेलं असतं. "बाईची" म्हटलं असतं तर माझ्या कामाशी खोटं बोलले असते.

मी म्हटलं, "कंबर पुरुषाची आहे. कपाळ आणि जबडा तिनं स्वतः करून घेतलाय, खूप सोसून. यातलं खरं कोणतं, हे हाडं सांगत नाहीत. ते जिवंत असताना तिनं सांगितलं होतं. तुम्हाला सांगितलं होतं का?"

तो टोपीकडे पाहत राहिला. सांगितलं होतं, म्हणाला. फोनवर. त्यानं फोन ठेवून दिला होता.

मग मी विचारलं, डावा पाय लहानपणी मोडला होता का? तो एकदम वर पाहू लागला. गोठ्याच्या माळ्यावरून पडला होता, म्हणाला. कापणीचे दिवस, वडिलांना वेळ नव्हता. आयनरनं हातगाडीत घालून डॉक्टरांकडे ओढत नेलं, रस्ता सगळा खडीचा. "तो रडला नाही. मीच रडत होतो."

त्याला ते हाड पाहायचं होतं. असं सहसा करत नाहीत. मी आणून दिलं. त्यानं जोडावरून अंगठा फिरवला, गुराच्या पायावरून फिरवावा तसा, हलका आणि नेमका. मग परत दिलं.

जाताना मी म्हटलं, आणखी काही विचारायचं असेल तर मला नका विचारू, वोरूपरला आस्ता आहे. पत्ता दिला. दार लागल्यावर लक्षात आलं, मी काय केलं. हा जाऊन तिच्यासमोर सगळं उघडं करणार. ज्या गोष्टीसाठी मी एवढं तोंड दाबून ठेवलं ती मीच पत्त्यासकट पोहोचवली.

२९ नोव्हेंबर

आस्ताला फोन करायला तीनदा उचलला आणि ठेवला. काय सांगू? सावध राहा म्हणू? कशापासून?

४ डिसेंबर

आयनरचा फोन. वोरूपरला दोन दिवस राहून आलाय. मी भीत भीत विचारलं, तुम्ही आस्ताला सांगितलंत का? तो म्हणाला, काय सांगायचं? तिला सगळं ठाऊक होतं. तिला, पोहणाऱ्या सगळ्यांना, मासेवाल्याला. कुणी कधी बोललं नाही इतकंच.

मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी फोनवरच हसले. पोशाखाचं ते कारण मी खरंच थंडी समजले होते. हाडांवरचा केसाएवढा चरा मला दिसतो, हे मात्र दिसलं नाही.

पुढे तो म्हणाला, समुद्राचं त्यानं मान्य केलंय. शनिवारी. आस्ताला मी यायला हवी आहे. "आणि मलाही," असं काहीतरी पुटपुटला, नीट ऐकू आलं नाही.

७ डिसेंबर

वारा पडला होता. असा दिवस डिसेंबरात तिथे क्वचित मिळतो. मासेवाल्याची होडी, आम्ही चौघं. आयनरनं चांगला कोट घातला होता आणि पाय होडीत ठेवताना त्याचा चेहरा पांढरा झाला. विबेके सोडली तर त्या घराण्यात पाण्याशी कुणाचं जमलेलं नसावं. आस्तानं त्याचं कोपर धरलं आणि बसवलं.

बाहेर आल्यावर मासेवाल्यानं इंजिन बंद केलं. आस्तानं डब्याचं झाकण काढलं, पण तिला पुढे जमेना. डबा मांडीवर धरून ती तशीच बसून राहिली. आयनरनं तिच्या हाताखाली हात दिला आणि दोघांनी मिळून ओतलं. राख काही वेळ पाण्यावर करड्या पट्ट्यासारखी राहिली, मग दिसेनाशी झाली. मासेवाल्यानं टोपी काढली आणि थंडी वाजली म्हणून लगेच घातली.

परत येताना आयनर म्हणाला, "लहानपणी पाण्याला फार भ्यायची."

"इथे नाही कधी भ्यायली," आस्ता म्हणाली.

धक्क्यावर उतरल्यावर तो घुटमळला. काहीतरी विचारायचं होतं आणि त्याची त्याला लाज वाटत होती. शेवटी म्हणाला, "ती हसायची कशी? चेहरा तुम्ही फोटोत दाखवलात. पण हसणं मला आठवेना. तीस वर्षं मी ते ऐकलंच नाही."

आस्तानं सांगायचा प्रयत्न केला. आधी श्वास आत ओढायची, मग... शब्दांत येईना. मग तिनं करून दाखवलं. श्वास आत घेतला, तोंड उघडं, आवाज नाही, नुसते खांदे हलताहेत, आणि बऱ्याच वेळानं घोड्यासारखा एक फुत्कार. सत्तरीची बाई, धक्क्यावर, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि ती हसून दाखवतेय.

आयनरनं कठड्याला धरलं. "आमची आई अशी हसायची," तो म्हणाला. "हुबेहूब आई."

ती दोघं तिच्या घराकडे चालू लागली. आस्तानं मागे वळून कॉफीला ये म्हटलं. मी म्हटलं, रस्ता लांबचा आहे, अंधाराच्या आत निघते. खरं म्हणजे त्यांना एकमेकांना इतकं सांगायचं होतं की माझं तिथे काही काम नव्हतं.

तिची उंची मला माहीत आहे, वय माहीत आहे, कोणत्या पायावर भार टाकून उभी राहायची तेही. दीड महिना ती माझ्या टेबलावर होती.

मोटारीत बसल्यावर मी तसं हसून पाहिलं. श्वास आत घेतला, खांदे हलवले. पुन्हा एकदा केलं. मला जमलं नाही.